खालूंचं सपाट छप्पर

आभाळाशी उघड वैर धरून जगलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे खालू, माझ्या मावशीचे, म्हणजे खालाचे, यजमान. लोक भाऊबंदांशी भांडतात, शेजाऱ्यांशी भांडतात; खालूंना ती भांडणं किरकोळ वाटत. मूळचे रत्नागिरीचे, पण नोकरीपायी आधी झांजिबार बेटावर गेले. तिथल्या एका पावसात त्यांचं घर भांड्याकुंड्यांसकट वाहून गेलं आणि खाला दिवसभर माडाला धरून उभी राहिली. तेव्हापासून कुणी हंडा उपडा केला तरी ती दचकायची. थेंब पडणार नाही अशा मुलखात नेतो, असा शब्द देऊन खालूंनी तिला दुबईला आणलं. साठ सालानंतरची ती दुबई. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होतो.

खाडीकाठी त्यांनी खजुराच्या झावळ्या आणि माती यांचं घर बांधलं आणि छप्पर चक्क सपाट घातलं. कोकणातल्या माणसाने! खाला म्हणाली, थोडा तरी उतार द्या. खालू ताडकन म्हणाले, "उतार दिला म्हणजे तो येणार हे कबूल केलं. मी कबूल करणार नाही." आल्यागेल्याला ते चहाआधी पाऊस समजावून सांगत, कधी कधी चहा राहूनच जाई. झांजिबार बेटाच्या चारी बाजूंना ऊन समुद्र, त्याची वाफ. मोसम पालटताना दोन दिशांचे वारे समोरासमोर येतात, वाफेला वर लोटतात, मग ढग जागचे हलत नाहीत आणि ओततच राहतात. इथला वारा वाळवंटातला, त्याच्याच घशाला कोरड. एवढं सांगून ते आभाळाकडे बोट दाखवत, "यल्ला, चल, हिंमत असेल तर ये." शेजारचे अरब बुजुर्ग बिचारे पावसासाठी दुआ मागत, म्हणून खालूंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

खालूंचा सगळा पहारा जून ते सप्टेंबर, तोही नैऋत्येकडे, कारण कोकणात पाऊस त्याच वाटेने येतो. ऑक्टोबर लागला की "खलास" म्हणत ते पाय ताणून झोपत. आणि एका वर्षी ऐन थंडीत तो वायव्येकडून आला. दुपारपर्यंत छपराचा चिखल खाटेवर उतरला आणि अंगणात गुडघाभर पाणी झालं. खालाने बोचकं बांधलं, पेटीवर बसली आणि म्हणाली, "पहिल्या बोटीने मी रत्नागिरीला. तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा."

खालू अंगणात भिजत उभे राहून आभाळाला अस्सल कोकणी शिव्या देत होते. आवाज चढलेला होता, पण डोळे भरले होते. मला हसूही येत होतं आणि त्यांची फार दयाही येत होती.

पाणी वाळूत जिरलं. बोट यायच्या आत खालूंनी छप्पर पुन्हा घातलं, पुन्हा सपाटच. शेजारी हसले. फक्त खालाच्या खाटेवर, खाटेएवढाच, झावळ्यांचा चांगला कोकणी उतार होता. विचारणाऱ्याला ते सांगत, तो वाऱ्यासाठी आहे. खालाने वर पाहिलं आणि बोचकं सोडलं.

तसा पाऊस तिच्या हयातीत पुन्हा पडला नाही. ती गेल्यावरही खालू दर वर्षी थंडीआधी तेवढ्या उताराच्या झावळ्या बदलत. खाली खाट रिकामी असे. एकदा न राहवून मी विचारलं, खालू, आता कुणासाठी? शिडीवरूनच आभाळाकडे बघत ते म्हणाले, "पडू दे ना आता. तिच्या खाटेवर एक थेंब तर पाडून दाखवू दे."