न वाचता आलेली ओळ

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी शेजाऱ्यांपैकी कुणाबद्दल तरी लिहा, असं स्मरणिकेचं काम बघणाऱ्या मीनाताईंनी मला तीनदा सांगितलं. मला लिहायची सवय नाही. नोकरीभर मी वर्क परमिट, म्हणजे प्लँटवरच्या कामांचे परवाने लिहिले, त्यात वाक्यं नसतात. तरी मैत्री नावाच्या मुलीबद्दल लिहितो. संगणकातलं काही चुकलं असेल तर ती चूक माझी समजावी.

मैत्री आमच्या खालच्या मजल्यावर राहते. वय छत्तीस. तिचे वडील धम्मपाल आणि मी तळोज्याला एकाच केमिकल कंपनीत होतो, तो प्लँटवर ऑपरेटर आणि मी परमिटच्या टेबलावर. मैत्री एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते. बोलणं हळू, आणि कुणाला नाही म्हणायचं तर तिला घाम फुटतो. भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेली कोथिंबीर परत करतानाही ती सॉरी म्हणते.

तिने घरी बसून एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं आहे. त्याला ती लायब्ररी म्हणते, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या कामात जोडून घ्यायचा तयार भाग. मार्कडाउन नावाची साधं लिहायची एक पद्धत असते. त्यात मजकुराच्या मध्ये संगणकाला द्यायच्या आज्ञांचा तुकडा टाकायचा झाला, तर त्याच्या वर-खाली तीन-तीन छोट्या तिरप्या रेघांच्या खुणा करतात. वरच्या खुणेपुढे त्याच ओळीत महिरपी कंसात त्या तुकड्याबद्दल लिहितात: फाइलचं नाव काय, कुठल्या ओळी ठळक दाखवायच्या, तुकडा चालवायचा की नुसता दाखवायचा. मैत्रीचं सॉफ्टवेअर तेवढी एक ओळ वाचतं आणि तिच्यातल्या गोष्टी सुट्या करून देतं. बाकी काही करत नाही. जेमतेम तीनशे ओळींचं आहे. नाव ठेवलं ‘पाटी’. कुणीही फुकट घ्यावं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला जातो. जूनमधल्या एका शनिवारी फ्रिजवर एक छापलेलं पत्र लावलेलं दिसलं.

“वाच वाच,” धम्मपाल म्हणाला. “पोरीला फॅन लेटर आलंय. आपल्याला पंचवीस वर्षांत मेमोशिवाय काय आलं?”

पत्र ऋता नावाच्या इंजिनिअर मुलीचं होतं, तळोज्यातल्याच एका कारखान्यातून. त्यांची प्लँट चालवायच्या सूचनांची पानं मार्कडाउनमध्ये होती. पानावरचे तुकडे त्यांचं यंत्र ओळीने चालवत जातं. ज्याच्या वर ‘चालवू नका’ असेल तेवढा सोडतं. ती ओळ वाचायला ‘पाटी’ वापरतो, फार उपयोग होतो, असे आभार मानले होते.

मी दोनदा वाचलं. विचारू की नको, असं झालं. आमच्याकडे व्हॉल्व्हवर टॅग टांगायचे. टॅगवरचं आम्लाने पुसलं गेलं, तर तो व्हॉल्व्ह बंदच धरायचा. काय लिहिलं होतं ते कळेपर्यंत हात लावायचा नाही.

“मैत्री,” मी म्हटलं, “ही वरची ओळ वाचता आली नाही, तर तुझी पाटी काय करते गं?”

“काही नाही काका. ओळ रिकामी धरते आणि पुढे जाते.” ती बिस्किटांचा डबा उघडत होती. “आधी थांबायची. पण लोक चिडायचे, एक कंस राहिला तर आमची अख्खी वेबसाइट अडते म्हणून. खूप जणांनी लिहिलं. मग मी मार्चमध्ये ते काढून टाकलं.”

“आणि त्या ओळीत ‘चालवू नका’ लिहिलेलं असलं तर?”

तिने डबा ओट्यावर ठेवला. लॅपटॉप उघडला, एक तुकडा लिहिला, वर ‘चालवू नका’ लिहिलं आणि शेवटचा कंस खोडला. उत्तर रिकामं आलं, ‘चालवू नका’ कुठेच नाही. तिने परत केलं. परत रिकामं.

“पप्पा,” ती म्हणाली, “त्यांचा फोन नंबर आहे का पत्रात?”

नंबर होता. उचलत नव्हतं कुणी. दोनदा मैत्रीने लावला, तिसऱ्यांदा धम्मपालने. मग त्याने कारखान्याच्या गेटचा नंबर कुणाकडून तरी मिळवला.

“शिफ्ट इन्चार्जला द्या,” तो म्हणाला. “सेफ्टीचा विषय हाय. नाय, विकायला काय नाय आणलं. अरे बाबा, तुझ्या जन्माच्या आधीपासून त्या रोडवर ड्युटी केली मी, दे त्यांना.”

दहा मिनिटांनी ऋता लाइनवर आली. मैत्रीने फोन स्पीकरवर टाकून सांगितलं. आवाज इतका बारीक होता की ऋताने तिला सगळं दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

“नवीन व्हर्शन आम्ही मंगळवारीच घेतलंय,” ऋता म्हणाली. “प्लँट आठवडाभर बंद होता. आज चार वाजता सुरू करतोय. एकशे चाळीस पानं आहेत. बघते आणि फोन करते.”

साडेअकरा वाजले होते. मैत्री खुर्चीच्या कडेला बसून राहिली. धम्मपालने दोनदा टीव्ही लावला आणि बंद केला. मला उठून घरी जावंसं वाटत होतं, पण गेलो नाही. पंप, पाइप, खाली उभी राहणारी माणसं, सगळं मला माहीत होतं. मैत्रीला माहीत नव्हतं, तरी ती माझ्याकडेच बघत होती.

“काका, काय होऊ शकतं?”

“टाकीत काय आहे त्यावर अवलंबून आहे,” मी म्हटलं. याहून जास्त सांगायचं धाडस झालं नाही.

सव्वाबाराला फोन आला. दोन पानांवर कंस राहिला होता. एका पानावर नुसती यादी होती. दुसऱ्यावर आम्लाच्या टाकीचा पंप सुरू करायची आज्ञा होती, नव्या लोकांना नमुना म्हणून दिलेली, वर ‘चालवू नका’. ते पान चार वाजताच्या यादीत होतं. आणि त्या पंपाच्या पाइपचा एक भाग दुरुस्तीसाठी काढलेला होता.

“थांबवलंय सगळं,” ऋता म्हणाली.

मैत्रीने दुपारी नवं व्हर्शन काढलं. ओळ वाचता आली नाही तर आता काम तिथेच थांबतं. सोबत सूचना लिहिली, की मार्चमधला बदल चुकीचा होता आणि तो मी केला. ती सूचना पाठवायच्या आधी तिने तीनदा वाचली.

मला वाटलं संपलं. तिने मला पडद्यावरचा एक आकडा दाखवला. महिन्याला अकरा हजार वेळा ‘पाटी’ उतरवून घेतली जाते. कोण घेतं ते बहुतेक कळतच नाही. उघडपणे नाव दिसतं अशी दोनशे चौदा ठिकाणं होती. पंधरा मिनिटांत एकाचं पत्रही आलं: तुमच्या नव्या व्हर्शनने माझी वेबसाइट अडली, जुनं परत आणा. तिने ‘नाही’ एवढंच लिहिलं आणि उत्तर धाडून दिलं.

मग धम्मपाल चष्मा लावून नावं वाचायला बसला आणि ती एकेकाला पत्र लिहायला लागली. सातव्या नावाला तो अडखळला. ते परदेशातल्या एका रुग्णालयाचं होतं.

आज सात आठवडे झाले. एकशे सहा जणांची उत्तरं आली आहेत. रुग्णालयाचं आलेलं नाही. मैत्री दर सोमवारी त्यांना पुन्हा लिहिते.