मोरीच्या वळणावरची फरशी

वहिनी बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. मोरी तुंबली आणि न्हाणीचं पाणी तिच्या खाटेखाली येऊ लागलं. मोरी कशाने तुंबली हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी झडतीची कुणकुण लागली, तेव्हा आमच्या मंडळाची पत्रकं मी फाडून त्याच मोरीत कोंबली होती. आईला कळलं असतं तर मंडळ आणि शिक्षण, दोन्ही त्याच दिवशी संपलं असतं.

पंचवटीतल्या आमच्या घराची मोरी भिंतीबाहेर वळून गल्लीतल्या गटाराला मिळायची. वळणावर कडीची एक फरशी होती. शेजाऱ्यांनी भिंत घातल्यापासून ती दीड हाताच्या फटीत अडकली होती. तिथे जायची वाट एकच, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी.

म्युनिसिपालिटीची झाडूवाली गल्लीतून बांबूची कामटी घालून दमली. "वळणापुढं जात नाय. फरशी उचलाया पायजे."

"मग तुम्ही घरातून या," मी म्हणाले.

"घरातून?" आई दारातून ओरडली. "डोकं फिरलंय का तुझं?"

"आन् आले तरी त्या फटीत माझं हे अंग मावंल का, ताई?" झाडूवाली हसली. "तुम्हीच जा. काडीवानी हाय तुम्ही."

लुगडं खोचून मी कामटी घेऊन खिडकीतून उतरले. फरशी उचलली. भिंतीपलीकडून ती सांगत होती, "ढकलू नका, फिरवा. आता वढा." कामटी एकदम सैल झाली, पाणी गडगडत गेलं. पत्रकंही गेली. ती गल्लीत आईसमोर निघणार, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"काय गं निघालं?" आईचा आवाज.

गल्लीत झाडूची खरखर झाली.

"बाळंतिणीच्या चिंध्या, बाई."

त्या बघायला कोण थांबतंय? आई आत गेली.

आंघोळ करून मी गल्लीत आले. कागदांचा लगदा झाडूवालीच्या पाटीत, केराखाली होता.

"माझ्या भावाकडं पोलिसांनी असलेच कागद हुडकले व्हते," ती हळूच म्हणाली. "काय लिवलंय यात?"

"तुम्हाला कुठल्याही घरात जाता आलं पाहिजे, असं."

"ते बघू पुढं. सकाळधरनं उन्हात हाय, पाणी द्या. वरून वतू नका, तांब्या हातात द्या."

मी दिला. आई दारात आली होती.

"तो आता विस्तवावर धरून शुद्ध कर," झाडूवाली गेल्यावर आई म्हणाली. मी धरला नाही. जेवताना तो माझ्या पानाशी ठेवला. त्या दिवसापासून तो माझा एकटीचा तांब्या झाला. वर्षभर दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नाही.