हसण्यासाठी सोडलेली जागा

विनोद सांगून झाला की तो थांबायचा. उजव्या हाताचा अंगठा शर्टाच्या दुसऱ्या बटणावर, मान किंचित तिरपी, आणि नजर समोरच्याच्या तोंडावर. फारच वेळ लागला तर हळूच विचारायचा, "पोचलं का?" विनोद सांगणारे तुमच्याही ओळखीत असतील, पण असं थांबता येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नागपूरच्या एका सरकारी कचेरीत आम्ही एकोणीस वर्षं समोरासमोर बसलो. मी आवक-जावक सांभाळायचो. तो आस्थापनेत होता, म्हणजे सगळ्या कचेरीच्या रजेचे अर्ज त्याच्या टेबलावरून जायचे. मूळचा उमरेडचा. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर सांगायचा, "एकीले विचारलं होतं. ते हसली. मले वाटलं, पोचलं." आणि थांबायचा. आपण हसावं की नाही हे ठरवेपर्यंत त्याने पुढची फाइल उघडलेली असायची.

गणपतीत, निरोप समारंभात, लग्नाच्या पंगती उठेपर्यंत, जिथे माइक दिसेल तिथे तो उभा राहायचा. पुढे धरमपेठेत कॉफीच्या दुकानांतून पोरं स्टँड-अप करू लागली, तर हा पन्नाशीचा बाबू बुशशर्ट घालून त्यांच्यात जाऊन उभा राहिला. "उमरेडहून बसमध्ये बसलो तेव्हा ड्रायव्हरची पोरगी पाचवीत होती. नागपूर आलं तं तो तिच्या लग्नाच्या पत्रिका वाटून राहिला होता." हे कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि महिन्याभरात ते इतक्या फोनांवर फिरलं की त्याला एका वेब सिरीजवाल्यांचं बोलावणं आलं. कचेरीत पेढे वाटले गेले. साहेबांनीसुद्धा दोन घेतले.

शूटिंग कळमेश्वरला, एका बंद कारखान्यात होतं. पहिल्या दिवसानंतर तो संध्याकाळी माझ्या घरी आला आणि चहाला नको म्हणाला. हे कधी घडलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर त्याचं काम साफ कोसळलं होतं. "कोणी हसतच नाही गा," तो म्हणाला. "हसलं तं मशिनीत आवाज जाते म्हणे. मी बोलतो अन् पंचवीस माणसं मढ्यासारखी उभी. मी थांबू कोणासाठी?"

आता माझी एक खोड सांगितली पाहिजे. मला हसू पुष्कळ येतं, पण आवाज निघत नाही. खांदे गदगदा हलतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, बस. या खोडीपायी त्याने मला वर्षानुवर्षं बोल लावले होते. तुला विनोद सांगण्यापेक्षा कपाटाला सांगितलेला बरा, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्या संध्याकाळी मात्र माझ्याकडे बघता बघता त्याचा चेहरा उजळला. "तू चाल माझ्यासंगं. तू तं बिनआवाजाचा हसतो."

मी गेलो. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला मला उभं केलं. त्याने वाक्य टाकलं, अंगठा बटणावर गेला, माझ्याकडे बघितलं. माझे खांदे हलू लागले. आणि मग तो असा काही सुटला की दिग्दर्शकानेच सांगितलं, या काकांना इथून हलवू नका. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी फार आनंद झाला. माझ्या हसण्याचा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग होता.

अशी तीन कामं आम्ही मिळून केली. तिसऱ्या वेळी एका मुलीने त्याला विचारलं, हे तुमचे कोण? तो मेकअप करून घेत होता. म्हणाला, "माझा माणूस आहे." त्यात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं. पण त्या मुलीने लगेच त्याच्या चपला माझ्या हातात दिल्या, कारण दृश्य अनवाणी होतं. मी एव्हाना हेडक्लार्क झालो होतो. दुपारभर चपला धरून उभा राहिलो आणि हसलोही. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं.

पुढच्या वेळी बोलावणं सिनेमाचं होतं, भिवापूरकडच्या एका शाळेत. मोठं काम. आदल्या आठवड्यात त्याने विचारलं, "येशील न?" मी म्हटलं, रजा मिळत नाही.

तो एकटाच गेला. शाळेचा शिपाई निवृत्त होतो आणि निरोपाच्या दिवशी मास्तरांना विनोद सांगतो, असं ते दृश्य. कागदावर ते विनोदीच होतं. मी ते पुढे थिएटरात पाहिलं. तो वाक्य टाकतो, थांबतो, आणि त्याची नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे जाते. तिथे कुणी नसतं. तो ओशाळून हसतो आणि पुढचं वाक्य बोलतो. पुन्हा थांबतो, पुन्हा डावीकडे. थिएटरात बायका पदराने डोळे पुसत होत्या. वर्तमानपत्रांनी त्या नजरेवर रकानेच्या रकाने लिहिले. मला मात्र खुर्चीत बसवेना.

त्याचा फोन आला. "बरं झालं तू नाही आला," तो म्हणाला. "डायरेक्टर म्हणते, ते थांबणंच एक नंबर झालं." मी उगाचच पुन्हा म्हटलं, अरे, रजाच मंजूर झाली नाही.  तो म्हणाला, "हो गा. मंजुरीचं कठीणच असते." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की अर्ज त्याच्याच टेबलावर यायला हवा होता. मी अर्ज केलाच नव्हता, आणि हे या जगात फक्त त्याला माहीत होतं.

त्याने मला पुन्हा बोलावलं नाही. नोकरी सोडून तो मुंबईला गेला. पोर गमावलेला बाप, वाट बघणारा म्हातारा, मुलाने टाकलेला मास्तर, अशी कामं एकामागून एक मिळत गेली. विनोदी काम त्याला नंतर कुणी दिलं नाही. सणावारी त्याचा संदेश यायचा, मी उत्तरात फुलांचं चित्र पाठवायचो. माफी मागायला मला कितीतरी दिवस मोकळे होते. नाही मागितली.

त्याला शेवटचं पाहिलं ते इथल्याच एका सभागृहात. दोन तास फक्त विनोद, असं त्यानेच जाहीर केलं होतं. हॉल भरला होता. मी बाराव्या रांगेत होतो. तो आला, वाळला होता, केस पांढरे. म्हणाला, "मुंबईत आमच्या बिल्डिंगीले सतरा माळे आहेत. सगळे ओळखतात मले. लिफ्टमध्ये दिसलो का विचारतात, काका, कोण गेलं?"

आणि अंगठा बटणावर ठेवून तो थांबला.

कुणी हसलं नाही. लोक त्या थांबण्यासाठीच आले होते. माझ्या पुढच्या रांगेत एकाने रुमाल काढला. स्टेजवर त्याच्या तोंडावर प्रकाश होता म्हणून त्याने कपाळाशी हात धरला आणि तो अंधारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघू लागला. मी हसत होतो. खांदे हलत होते, डोळे वाहत होते. आवाज काढावा म्हणून मी सगळा जीव घशात आणला, पण नुसती हवा निघाली. शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "पाणी घ्या काका," त्या कुजबुजल्या. "मले बी असंच होते या माणसाले पाहून."

मी बाटली घेतली. तिकडे त्याने कपाळावरचा हात खाली घेतला आणि पुढचा विनोद सुरू केला.