ज्यानं आमच्या ह्यांची बोटं मोडली तो खेमा

आधी थोरला आला, मग धाकटा आला, आणि पाच मिनिटांत आमच्या दुकानात रक्त सांडलं.

खेमाची पोरं ती. खेमा परवा गेला. मोलगीच्या वरच्या पाड्यातला. सोबतच्या फोटोत उजवीकडे पागोटं घालून हसतोय तो.

खापर गावात आमचं चांदीचं दुकान आहे हे सगळ्यांना माहीत. पण आमच्या ह्यांची दोन बोटं वाकडी कशी, ते मी इथे कधी लिहिलं नाही.

ती खेमानं मोडली. हातोडीनं.

माझी थोरली लेक पोटात होती तेव्हाची गोष्ट. खेमा एक जुनं चांदीचं नाणं घेऊन आला. म्हणाला, हारात ओवायला कडी लावून द्या.

सोनाराची सवय वाईट. चांदी हातात आली की आधी छिन्नी मारून बघायची, आत तांबं तर नाही. ह्यांनी विचारलं पण नाही. नाण्यावर एक तोंड होतं, त्याच्यावरच खटकन घाव घातला.

आणि खेमाच्या घरात ते तोंड म्हणजे आजा. होळीला आधी त्याला नैवेद्य, मग घरच्यांना जेवण.

"तू मन्हा आजानं तोंड कापं," म्हणाला आणि हातोडी उचलली.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. लाकडासारखाच येतो.

मी चुलीजवळची लोखंडी फुंकणी आणली आणि त्याच्या डोक्यात घातली. सात टाके पडले.

दोघं रक्तानं माखलेले, आणि आमचे हे डाव्या हातात नाणं धरून उन्हात बघताहेत.

"खेमा, थांब. हाई देख. ह्याले आधीबी कोन्हीतरी कापेल शे."

खरंच, गालावर आणखी एक घाव होता. आमचा पांढरा चकचकीत, तो आतून काळा पडलेला.

"कोन व्हता तो?" खेमा म्हणाला. त्यालाही जाऊन मारायचं होतं.

पुढे नंदुरबारच्या कॉलेजचे एक सर आले. भिंग लावून म्हणाले, हे रोमन नाणं, दोन हजार वर्षांचं. तेव्हाचे लोक पण चांदी अशीच कापून चेक करायचे. मागच्या बाजूला ढाल-भाले घेऊन उभी दोन पोरं, ती त्या राजाचे नातू.

खेमा म्हणाला, "मंग आजा भलता म्हतारा शे."

तेव्हापासून दोघांना नादच लागला. मोलगीचा बाजार म्हणू नका, विसरवाडी म्हणू नका, कुठे कोणी जुना हार आटवायला काढला की हे दोघं तिथे हजर. हे वाकड्या बोटांनी कागदावर पेन्सिल घासून छाप घ्यायचे, खेमा कड बघायचा. कडेला साच्याची शिवण दिसली की ओतलेलं, डुप्लिकेट.

एकदा मी चार नाणी चिंच आणि राख लावून लख्ख घासली. अक्षरंच गेली. दोघं तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा मात्र प्यायचे.

तर आज. थोरल्यानं बापाच्या हारातलं ते नाणं काढून समोर ठेवलं.

"काका, आजाले मधमा काप," थोरला म्हणाला. "अर्धा मन्हा, अर्धा यान्हा."

"तोंडनी बाजू मी लिसू," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं त्याच्या कानाखाली दिली. धाकट्यानं तराजूतलं वजन उचलून भावाच्या कपाळावर हाणलं. भुवई फाटली, शोकेसची काच गेली.

मी हळद शोधत होते आणि खरं सांगते, मला हसू येत होतं. दोघंही डावरे. अगदी बापाचा हात. वाटलं, खेमाच आलाय भांडायला.

मग हे उठले. छिन्नी आणि हातोडी दोघांच्या पुढ्यात ठेवली.

"तुमना बापनी यान्हासाठे मन्हा बोटे मोडात. आते कापा तुमी. मी तुमना मोडसू."

कोणी हात लावला नाही.

थोरला रडायला लागला. रक्त डोळ्यात जात होतं, ते धाकट्यानं आपल्या रुमालानं पुसलं. मी हळद दाबली तर थोरला म्हणतो, "हळू ना, काकी." आत्ता भावाच्या कानाखाली वाजवली होती.

नाणं ह्यांनी कपाटात ठेवलंय. सांगितलं, दोघं सोबत याल तर मिळेल. एकटा येईल त्याला नुसता चहा.

खेमा, नीट जा बाबा. आजाला सांग, आमच्याकडून एक घाव चुकून बसला.

आज दोघं वेगवेगळ्या जीपनं आले होते. सोमवारी एकाच मोटरसायकलवर येतो म्हणाले आहेत.