दहा हजार भांडणांचा ताळा

गणित शिकवून निवृत्त झालेल्या त्या माणसाला अख्खी गल्ली ताळामास्तर म्हणायची, आणि कौतुकानं नव्हे. कुणी विनोद सांगितला की हा मेला त्याचा ताळा करून बघणार. हत्तीच्या पाठीवरची मुंगी म्हणते, आपल्या दोघांच्या वजनानं पूल हलला. लोक हसताहेत, आणि हा विचारतोय, पूल किती टनांचा? बायकोला या खोडीचा वीट आला होता.

त्या रविवारी दुपारी लेकीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. आधीची दोन स्थळं हातची गेली होती. हे तिसरं लेकीनं स्वतः, अगदी मनापासून पसंत केलेलं. बाईनं सकाळीच बजावलं, "आज कुणी काहीही बोलो, तोंडाला कुलूप."

"आकडा चुकला तरी?"

"तरी."

जेवण छान चाललं होतं. होणाऱ्या सासूबाई मोकळेपणानं हसत होत्या. बाईचा भाऊ तर भलताच रंगात आला. "ताई-भावोजींच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. रोजचं एक भांडण धरा, दहा हजार होतात. भावोजी एकही जिंकले नाहीत."

सगळे हसले. मास्तरांनी चमचा खाली ठेवला. बाईनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"दहा हजार दोनशे वीस," मास्तर म्हणाले. "लीप वर्षांचे सात दिवस वेगळे." इथवर निभावलं असतं. पण जित्याची खोड! "आणि ही भावाकडे निघून गेली होती, ते चारशे सव्वीस दिवस वजा. उरले नऊ हजार आठशे एक. बरोब्बर नव्याण्णवचा वर्ग."

चेहरा काय फुलला होता मेल्याचा.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "निघून गेल्या होत्या?"

भावानं ताटात मान घातली. लेक पांढरीफटक पडली. बाईच्या डोक्यात तिडीक गेली. आता झाकायला उरलंच काय होतं?

"चारशे सत्तावीस," ती म्हणाली. "परत आले त्या दिवशीही तुम्ही माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत. भांडायला आधी बोलावं लागतं."

मास्तरांनी मनातल्या मनात एक वजा केला आणि त्यांचं तोंड उतरलं. वर्ग गेला होता.

सासूबाई उठल्या. "निघतो आम्ही. चारची गाडी आहे."

मास्तरांनी घड्याळ बघितलं. "आत्ता तर दोन पस्तीस. स्थानक पाच मिनिटांवर. अजून ऐंशी मिनिटं आहेत तुमच्याकडे."

"त्यांना माहीत आहे, बाबा," लेक म्हणाली.