बिनचेहऱ्याची रांग

बाबांचा एकच नीट फोटो होता, गेटपासवरचा. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत ते कामाला होते. सूत कातणाऱ्या लांबलचक मशीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत राहायचं आणि तुटलेला धागा जोडायचा, हे त्यांचं काम. पासवरच्या फोटोत ते समोर बघत नाहीत. फोटो काढणारा पुढे काय सांगतो याची वाट बघत असल्यासारखे दिसतात. बाबा गेल्यावर काही दिवसांनी आईने तो पास कपाटातून काढला आणि मला म्हणाली, "चाल वं, मोठा करून आणू."

आमच्या वस्तीत माणूस गेला की त्याचा मोठा फोटो समोरच्या खोलीत लागतो, आणि त्या फोटोत त्याच्या अंगावर कोट असतो. हयातीत त्याने कधी कोट घातला होता का, हे कोणी विचारत नाही. गवंडी, हमाल, रिक्षावाले, भिंतीवर सगळे कोट-टायमध्ये. त्यांच्याही वर निळ्या कोटातली ती तसबीर असते, आणि हा रिवाज तिच्याकडे बघूनच पडला असावा. कॉलेजातल्या काही मुलींना याचं हसू यायचं. मला कधी आलं नाही.

मनीषनगरच्या स्टुडिओवाल्याने पास स्कॅन केला आणि कम्प्युटरवर कोटांचा साठा उघडला. मुंडकं नसलेले, हात नसलेले, ओळीने लावलेले नुसते कोट.

"काकू, कोणता घालू? काळा जास्त चालून राहिला सध्या."

"निळा," आई म्हणाली.

"टाय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. टायमधलं तिला काही कळत नव्हतं आणि मलाही नव्हतं. "लाल," मी म्हणाले.

त्याने बाबांचं डोकं उचलून कोटावर बसवलं. खांदे भलतेच रुंद झाले.

"मान बारीक दिसून राहिली. जाड करून देऊ का?"

"नको," आई म्हणाली. "तेवढीच होती."

मी शेजारी उभी होते आणि मला वर्गातला एक तास आठवत होता. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधल्या काही चित्रकारांनी वर्तमानपत्रांतले फोटो कापून एकमेकांवर चिकटवले. मंत्र्याचं डोकं भलत्याच धडावर, सेनापतीच्या तोंडात मशीनचा पार्ट. दादावाद्यांचं फोटोमोंताज, असं आम्ही वहीत उतरवून घेतलं होतं. त्यांनी कात्री चालवली ती मोठ्या माणसांना खाली ओढायला. आमच्या गल्लीत तीच कात्री खालच्या माणसाला वर बसवते. परीक्षेत मी हे लिहिलं नव्हतं, तेव्हा सुचलं नव्हतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आईकडून आणि बाबांकडून, दोन्हीकडून, कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आजोबा खापा गावात हातमागावर बसायचे, बाबा मशीनपाशी उभे राहिले आणि मी चित्रकलेची पदवी घेतली. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, घरी आला की चिडवायचा, "कार्टून काढायले डिग्री लागते का वं?" मी तोंड उघडायच्या आधी बाबा म्हणायचे, "लागते. तुले नाही समजणार गा. मलेही नाही समजत." आणि मग अभिमानाने चहा फुंकत बसायचे.

मी कॉमिक्स करते. लहानपणी सुटीच्या दिवशी बाबा ती किरायाने आणून द्यायचे, आणि मी त्यातल्या मारामाऱ्या पाटीवर उतरवायची. कॉलेजात गेल्यावर मी ही गोष्ट लपवली. तिथे बाकीचे निसर्गचित्रं, अमूर्त चित्रं यावर बोलायचे. मग एक दिवस लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. आत एकही शब्द नाही. लाकडात कोरून छापलेली काळीपांढरी चित्रं, पानाला एक. कारखाना, धुराडी, वाकलेला माणूस, मोर्चा. युरोपात दोन युद्धांच्या मधल्या काळात अशी पुस्तकं निघाली होती. आमच्या सरांनी ते माझ्या हातात बघितलं आणि म्हणाले, "हे कॉमिक्सच आहे. आता लपवू नको."

त्या पुस्तकाने मला घडवलं. अभिव्यक्तिवादी चित्रात घरं वाकडी का असतात ते मला तिथे कळलं. घाबरलेल्या माणसाला घर वाकडंच दिसतं. घनवादही मला संग्रहालयातल्या चित्रातून कळला नाही, कॉमिक्सच्या पानातून कळला. घनवादी चित्रकारांनी एक सुरई एकाच वेळी सगळ्या बाजूंनी दाखवली, तर कॉमिक्सचं पान एकाच नजरेत माणसाची सकाळही दाखवतं आणि संध्याकाळही. वर्तमानपत्रातल्या हसवणाऱ्या पट्टीपलीकडे, हिरोच्या मारामारीपलीकडे या चौकटींत खूप काही मावतं. जगभर काही लोक ते करत आहेत आणि मीही त्यातली एक आहे.

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी मी पुस्तक करायला घेतलं. बाबांचा एक दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, शब्दांशिवाय. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ जाड पत्र्याच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्यावर रोलरने शाई फिरवायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या हातात एक प्रत द्यायची, असं ठरवलं होतं. माझं हे पहिलं पुस्तक. बाबांना माझं काम कधी समजलं नाही. निदान त्यांच्या माणसांना तरी समजावं, एवढीच इच्छा होती. मात्र एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. आई नको म्हणाली तर पुस्तक निघणार नाही.

पुस्तकाच्या मधोमध दोन पानं मिळून एक मोठं चित्र होतं, गिरणीच्या गेटवरची रांग. त्यासाठी मी एकच लहान ठसा कोरला होता. डबा धरलेला, जरा पुढे झुकलेला माणूस, तोंडाच्या जागी काळा गोळा. तोच ठसा शेजारी शेजारी मारत गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांची रांग झाली. बिनचेहऱ्याचा कामगार मी लायब्ररीतल्या त्या पुस्तकातून उचलला होता. सगळ्या पुस्तकात मला हेच पान सगळ्यात जास्त आवडत होतं.

पानं वाळल्यावर मी ती आईसमोर जमिनीवर मांडली. पहिल्या पानावर ती खुश झाली. "हा माठ आपला आहे," म्हणाली. सकाळच्या बसचं पान तिने हातात घेऊन बघितलं. गेटच्या पानाशी आली आणि थांबली.

"यातले तुहे बाबा कोणते?"

"सगळेच, आई."

"सगळे कसे असतीन? एक असन ना."

मी समजावलं. आत गेल्यावर माणसाला चेहरा राहत नाही, तो नुसता कामगार होतो, मला हे दाखवायचं आहे.

"कोण म्हणते राहत नाही? संध्याकाळी कोणतं तोंड घेऊन घरी येत होते मंग?"

"आई, ही एक पद्धत आहे. मोठमोठ्या चित्रकारांनी..."

"त्यायचं त्यायच्यापाशी. हे गिरणीच्या मालकाले नेऊन दाखव, त्याले समजलं पाहिजे. माह्या जेठाले, नणंदेले काहून दाखवते? त्यायनं तोंड पाहिलेलं आहे."

मी मागे हटले नाही. मी खोटं काढलं नव्हतं. शिफ्ट बदलताना गेटसमोरच्या रस्त्यापलीकडे उभी राहून मी ती रांग बघितली होती. लांबून बाबा मला ओळखू आले नव्हते. ते पान मी त्या सकाळी मनात कोरलं होतं. मी आईला म्हणाले, "यात चेहरा घातला तर चित्र मरतं."

आई उठली. पदर सारखा करत म्हणाली, "माणूस गेला. तुले चित्र मरायचं भेव वाटून राहिलं."

नंतर दोन-तीन दिवस आम्ही घरात जेवण, गॅस, पाणी एवढंच बोललो. मी एक नवा ठसा कोरून बघितला. डोक्याची जागा अंगठ्याच्या नखाएवढी. तिथे डोळ्यांसाठी दोन चिरा पडल्या, तोंडासाठी एक. तो कोणीही माणूस होता, बाबा नव्हते. सरांना दाखवलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं. शेवटी मी आईला म्हणाले, "राहू दे. नाही काढत पुस्तक." रागाने नाही म्हणाले. मला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि दोन्ही एका पानात बसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना आई स्टुडिओत गेली. तिथून कोटातल्या बाबांच्या फोटोची अगदी लहान लहान प्रिंट काढून आणली, तिकिटाएवढी, चकचकीत कागदावर, रंगीत. पिशवी टेबलावर ठेवत म्हणाली, "तू छापून आण तुहं पुस्तक. तोंड मी लावते."

खरं सांगते, मला ते आवडलं नाही. माझ्या काळ्याभोर पानावर निळा कोट आणि लाल टाय! पण पुस्तक निघत होतं. मी त्या पानांवरून छापखान्यातून सगळ्या प्रती छापून आणल्या.

आई समोरच्या खोलीत खाली बसली. पांघरायची चादर अंथरली, डिंकाची बाटली घेतली, शिवणाची कात्री घेतली. कोटाच्या कडेकडेने ती इतकं सावकाश कापत होती की मला स्टुडिओवाल्याचा घाईचा हात आठवला. मी स्वयंपाकघरात डाळ निवडत बसले. बघवत नव्हतं म्हणूनही, आणि ते तिचं काम होतं म्हणूनही.

स्मृतिदिनाला विहारातून वंदना आटोपून सगळे घरी जेवायला आले. जेवण झाल्यावर मी एकेकाच्या हातात पुस्तक दिलं. कोणी सुरुवातीपासून बघेना. सगळे मधलं मोठं पान उघडून बसले. काळ्या माणसांची लांब रांग, प्रत्येकाच्या तोंडाच्या जागी काळोख, आणि मधेच एक माणूस रंगीत, कोट-टायमध्ये, डबा धरून. मी ते पान पहिल्यांदा पुरं बघितलं. ते मेलं नव्हतं. उलट आता मी रांगेतल्या बाकीच्यांकडे एकेक करून बघत होते, कारण त्यांनाही त्यांच्या घरी कोणीतरी असंच तोंड लावलं असतं.

आत्या पदराने डोळे पुसत होती. मामा तिच्या पुस्तकात डोकावला आणि म्हणाला, "काहून वं, तुह्या पुस्तकात भाऊजी मागं उभे आहेत. माह्यात तर एकदम गेटापाशी आहेत."

मोठ्या काकांनी आपलं पुढे केलं. त्यात ते मधोमध होते. सगळ्यांनी पुस्तकं शेजारी शेजारी धरली. प्रत्येक प्रतीत बाबा वेगळ्या जागी.

"चुकलं का वं काही?" मामाने आईला विचारलं.

"चुकन कसं?" आई म्हणाली. "रोज एकाच जागी थोडी उभे राहत होते ते."

मग काकांनी आपलं पुस्तक मिटून खिशात घालायचा प्रयत्न केला. ते बसेना, तेव्हा शर्टाच्या आत छातीशी धरलं.

पाहुणे गेल्यावर आईने माझी प्रत मला दिली. त्या प्रतीतली रांग तशीच होती, काळी. फोटो लावलेला नव्हता. कापलेला एक लहानसा कोट पानात मोकळा ठेवलेला होता.

"तुहं तू लाव," ती म्हणाली. "तुहेही बाप होते."

मी पुस्तक घेऊन बसले. आईच्या हाताने तो फोटो कुठेही बसला असता, पण माझ्या हाताने त्या रांगेत बसेना. ती रांग मी जशी बघितली होती तशी मला ठेवायची होती, आणि बाबांचं तोंडही मला हवं होतं. मी पान उलटलं. पुढच्या पानावर संध्याकाळची बस होती, गिरणीतून परत येणारी, खिडक्या मी काळ्या सोडलेल्या. त्यातल्या एका खिडकीत मी बाबांना लावलं. रुंद खांदे खिडकीबाहेर आले, ते कात्रीने कापले नाहीत.

आईला दाखवलं. तिने पुस्तक उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"बरं केलं," ती म्हणाली. "बसायले जागा मिळाली त्यायले."