वाळू बसेपर्यंत

थर्मास विसरला, एवढंच निमित्त. थर्मास राहिला होता ट्रॅकच्या सुरुवातीला, आम्ही होतो दुसऱ्या टोकाला, आणि मधला सगळा रस्ता नुकताच लोखंडी चौकट ओढून सपाट केलेला. शहाण्या माणसाने कडेने वळसा घातला असता. मी माझी गाडी सरळ त्याच रस्त्यावर घातली आणि मोठ्या रुबाबात चहा घेऊन परत आलो. उतरून मागे पाहिलं, तर गुळगुळीत वाळूवर चाकांच्या खोल नाल्या. जातानाच्या वेगळ्या, येतानाच्या वेगळ्या.

क्लबचे प्रमुख इथलेच, अमिराती. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, आणि हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी आधी नाल्यांकडे पाहिलं, मग थर्मासकडे, मग माझ्याकडे.

"भाई, चाय कैसी है?"

"अच्छी है," मी म्हणालो.

"अच्छी होनी चाहिए. बहुत महँगी पड़ी." आणि चौकटीची साखळी परत गाडीला अडकवत म्हणाले, "रास्ता अभी सोया है. धूप चढ़ने तक सोने दो उसको. यल्ला, फिर से!"

लहानपणी ओल्या सारवणावर पाय दिला की आई जे म्हणायची, तेच त्यांनी म्हटलं. फक्त जास्त अदबीने.

हा ट्रॅक म्हणजे कारखान्यांच्या शेवटच्या भिंती संपल्यावर वाळवंटात आखलेली सायकलींची वाट. जाड टायरच्या सायकली, वाळूत न रुतणाऱ्या. वाट आखणं सोपं. ती राखणं हे खरं काम. वारा आठवडाभर वाळू आणून टाकतो, उंट आपल्या मर्जीने आडवे जातात, आणि सायकलींच्या चाकांनीच वाळूवर आडव्या लाटा उठतात, पन्हाळी पत्र्यासारख्या. म्हणून क्लबची मंडळी शनिवारी उजाडायच्या आत येतात. जीपच्या मागे एक लोखंडी चौकट, तिच्यामागे कुंपणाची जाळी, वर वजनाला जुने टायर. पहाटे दव पडलेलं असतं, तेवढ्या ओलीत वाळू धरते. एकदा ओढून झालं की ती तशीच बसू द्यायची. कोणी जायचं नाही, अगदी प्रमुखांनीसुद्धा. पगार नाही, टाळ्या नाहीत. काम नीट झालं असेल तर झालंय हे कोणाला कळतच नाही.

मुळात क्लब माझा नव्हताच. क्लब बायकोचा. ती मेंबर आणि मी मेंबरचा नवरा, म्हणजे घडीच्या खुर्चीत बसून सगळ्यांना पोहे वाटणारा. मागच्या हिवाळ्यात एका वळणावर, अशाच लाटांवर तिची सायकल उडाली आणि मनगट मोडलं. प्लेट बसवली. हाड जुळलं, डॉक्टरांनी सगळी परवानगी दिली. ती कणीक मळू लागली, गाडी चालवू लागली, ऑफिसात पहिल्यासारखी लोकांना फैलावर घेऊ लागली. फक्त सायकलजवळ गेली की तो हात आपोआप खिशात जायचा.

"बघू पुढच्या आठवड्यात," असं म्हणत नवा सीझनही अर्धा गेला. मग एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "उन्हाळा लागला की सायकल देऊन टाकू या कोणालातरी. उगाच जागा अडते."

पोरीचा आखूड झालेला युनिफॉर्म देऊन टाकावा, तशा सुरात. मला ते ऐकवेना. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई कशाला भ्यायलेली मी पाहिली नव्हती. पालीलासुद्धा तीच हाकलते, मी स्टुलावर असतो.

आमची मुलगी कॉलेजात आहे आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "बाबा, डोन्ट पुश हर."

"मी कुठे काय म्हणालो?"

"यू आर पुशिंग विथ युअर फेस."

चेहरा घरात ठेवणं धोक्याचं झालं. म्हणून मी शनिवारी पहाटे क्लबच्या कामाला जायला लागलो. बायकोला वाटलं, पोट कमी करायचंय. मी नाही म्हटलं नाही.

थर्मासच्या प्रकरणानंतर मला काही दिवस गाडीला हात लावू दिला नाही. चौकटीमागे चालत जायचं आणि जाळीत झुडूप अडकलं की ओरडायचं, एवढंच काम. पुढे प्रमुखांनी एकदा स्टिअरिंग दिलं. "शुवै शुवै," म्हणजे हळूहळू. मी आपलं ऑफिसला उशीर झाल्यासारखी नेली, आणि चौकट मागे अशा उड्या मारू लागली की जिथे लाटा नव्हत्या तिथेही तयार झाल्या. मग बैलगाडीच्या चालीने न्यायला शिकलो. एक पट्टा ओढला की दुसरा त्याच्यावर थोडा चढवून घ्यायचा, नाहीतर मध्ये वरंबा राहतो. बायको पडली होती त्या वळणावर मी सर्वांत जास्त वेळ लावायचो. गाडीचं झालं की उतरून दंताळ्याने कडा सारख्या करायचो. प्रमुखांना कारण ठाऊक होतं. ते जीपला टेकून उभे राहायचे, घाई करायचे नाहीत.

घरी यायचो तेव्हा बुटांतून, खिशांतून, कानांतून वाळू. बायको झाडू हातात देऊन म्हणायची, "वाळवंट तिकडेच ठेवून या ना!" पण एका शनिवारी झाडू दिला आणि तिथेच उभी राहिली.

"त्या वळणावर अजून लाटा होतात?"

"होतात," मी म्हणालो. खोटं बोलायचं तोंडावर आलं होतं, पण तिला ते लगेच कळतं. "दर आठवड्याला होतात. दर आठवड्याला काढतो."

"तुम्ही काढता?"

"म्हणजे... सगळे मिळून."

मार्च संपत आला होता. आणखी दोन-तीन आठवड्यांत दव पडायचं थांबलं असतं आणि ट्रॅक बंद. त्यातच तीन दिवस वारं सुटलं, इतकं की समोरचा टॉवर दिसेना. ट्रॅक सगळा पुरला गेला. त्या शुक्रवारी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या मी येते. नुसती बघायला." आणि थोड्या वेळाने, "सायकल असू दे गाडीत. असली तर असली."

मुलीने माझ्याकडे डोळे वटारले. मी तोंड फ्रिजमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी सगळ्यांना नेहमीपेक्षा आधी बोलावलं होतं. आम्ही तिघे पोचलो तोवर निम्मा ट्रॅक वर आला होता. बाकीचा मी ओढला. ऊन चढेपर्यंत ती खुर्चीत बसून होती, माझ्या जागी, पोहे वाटत. वाळू बसली तसे एकेक जण सायकलवरून निघाले. सगळे सायकलवाले पुढे गेल्यावर तिने हेल्मेट घातलं, काढलं, परत घातलं. खिशातला हात बाहेर आला आणि हँडलवर बसला.

"पुढे नका येऊ," ती म्हणाली.

म्हणून मी शेजारून पळायला लागलो.

वाळूतून पन्नाशीचा माणूस पळतो म्हणजे काय, ते बघणाऱ्यांनाच विचारावं. ती हळू चालवत होती, खांदे कानांपर्यंत चढवून. वळण आलं. मी श्वास धरला, आणि पळताना श्वास धरता येत नाही हे त्याच वेळी समजलं. चाक त्या वाळूवरून असं गेलं जसं तिथे कधी काही झालंच नव्हतं. तिचे खांदे खाली आले. मला इतका आनंद झाला की मी जोरात ओरडलो, "जमलं! जमलं गं! आता सरळ बघ, सरळ!"

तिने माझ्याकडे बघितलं. सायकल कडेच्या भुसभुशीत वाळूत गेली आणि बायको आडवी.

मुलगी टोकावरून किंचाळली. प्रमुख जीपमधून उतरले. मी तिच्याजवळ गुडघ्यांवर पडलो. ती पाठीवर पडून आकाशाकडे बघत होती. मग तिने तो हात वर केला, बोटं एकेक करून मिटली, उघडली. परत मिटली. आणि तिच्या पोटातून हसू आलं. आधी नुसतं हलणं, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी.

प्रमुख दुरूनच म्हणाले, "सब ठीक?"

"सब ठीक," तिनेच सांगितलं, पडल्या पडल्या.

मग ती उठली, सायकल उभी केली, आणि उरलेला फेरा एकटीने पूर्ण करून आली. मला तिथेच बसायला सांगितलं होतं. मी बसलो.

परतताना गाडी तिने चालवली. शहराच्या इमारती दिसू लागल्यावर म्हणाली, "पडायचं ते पडून झालं एकदाचं. पण अहो, पुढच्या शनिवारी शेजारून पळू नका. तुम्ही पडलात तर मला उचलता नाही यायचं."